बिचारा राजा

रत्नागिरीत माझी आत्या राहते. तिच्या घरापासून थिबा पॅलेस रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत ती तिथे फक्त पाहुणे आले तरच गेली आहे. गेल्या दिवाळीत ती पाहुणी मी होते. वरच्या मजल्यावर एका नक्षीदार लाकडी खिडकीपाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. खाली झाडी, पलीकडे भाट्याची खाडी, तिच्याही पलीकडे समुद्र. माझा फोन हातात होताच. आत्या म्हणाली, "बिचारा राजा. रोज हेच बघत बसायचा."

मी व्हिडिओ स्टोरीवर टाकला आणि वर तेच दोन शब्द लिहिले: बिचारा राजा. तासाभरात एका मित्राचा मेसेज आला. "बिचारा? १८७९ गूगल कर."

केलं. आणि मग ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. ते पुसून टाकावेत की राहू द्यावेत, एवढाच प्रश्न होता. स्टोरी चोवीस तासांनी आपोआप गेली. प्रश्न राहिला.

आधी ज्यांनी ही इमारत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. जांभा आणि लाल विटांचं बांधकाम, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, त्यांवर सागवानी कोरीवकाम, रंगीत काचा, वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती. लांबून पाहिलं तर एखाद्या ऐसपैस सरकारी बंगल्यावर कुणीतरी ब्रह्मदेशाची आठवण चढवल्यासारखं दिसतं. आज इथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लोक येतात, खिडकीत उभं राहून फोटो काढतात, सूर्यास्त बघायला जवळच्या थिबा पॉइंटवर जातात.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांच्या फौजा इरावती नदीतून वर चढल्या आणि जेमतेम दोन आठवड्यांत मंडालेला पोचल्या. २९ नोव्हेंबरला राजा, त्याची पट्टराणी सुपायालात आणि कुटुंबातली माणसं राजवाड्यातून बाहेर काढली गेली. त्यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेलं आणि बोटीवर चढवलं. ज्या देशात राजासमोर ताठ उभं राहायचीही सोय नव्हती, तिथल्या लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून राजाची बैलगाडी जाताना पाहिली. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी.

रत्नागिरीच का? तर तिथून कुठे जाता येत नव्हतं म्हणून. तेव्हा रेल्वे नव्हती. ती यायला अजून शंभरावर वर्षं होती. वाहतूक मुख्यतः बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. एका बाजूला सह्याद्री, दुसरीकडे समुद्र. ज्या गोष्टींमुळे आज आपण कोकणात सुट्टीला जातो, त्याच गोष्टींमुळे इंग्रजांना ते राजा ठेवायला बरं वाटलं.

आता एक साधं गणित करा. थिबा रत्नागिरीत आला १८८६ मध्ये. हा राजवाडा बांधून तो राहायला गेला १९१० मध्ये. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. म्हणजे तीस वर्षांतली चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत होता आणि 'पॅलेस'मध्ये फक्त सहा. आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, या खिडकीत उभा राहिला तेव्हा पन्नाशी उलटली होती. राजवाडा म्हटलं की आपल्याला राज्याचं घर वाटतं. हा राजवाडा राज्य गेल्यावर पाव शतकाने बांधलेला आहे. त्याच्या फाटकावर पहारा होता, आणि तो पहारा बाहेरच्यांना अडवण्यासाठी नव्हता.

इथपर्यंत आलं की 'बिचारा' हा शब्द तोंडातून आपोआपच निघतो. आता १८७९.

थिबा गादीवर आला १८७८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. त्याचा बाप मिंडोन याला खूप राण्या आणि खूप मुलं होती. गादीवर हक्क सांगू शकतील असे भाऊ डझनावारी होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना ठार करण्यात आलं. भाऊ, बहिणी, त्यांच्या आया, लहान मुलं. राजरक्त जमिनीवर सांडायचं नाही असा संकेत होता. म्हणून त्यांना कापडी पिशव्यांत घालून दांडक्यांनी मारलं, असं सांगतात. हुकूम नेमका कुणाच्या डोक्यातला, यावर वाद आहेत. सासू सिनब्युमाशिन आणि काही मंत्री यांच्यावर बराचसा ठपका ठेवला जातो. तो ठपका खरा मानला तरी सिंहासनावर थिबाच बसला होता, आणि त्या मरणांमुळेच त्याचं सिंहासन टिकलं होतं.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा. एका सुंदर खिडकीने मला फसवलं होतं. माझ्या मित्राचं म्हणणं सरळ होतं: "केलेलं फेडलं त्याने. यात रडण्यासारखं काय?" आपल्याकडे हे म्हणणं फार जुनं आणि फार सोयीचं आहे. कर्माची फळं. जो भोगतो त्याने काहीतरी केलेलं असणारच, आणि इथे तर केलेलं कागदोपत्री सापडतंय.

दोन दिवस मला हे पटलं. मग पटेनासं झालं. त्याचं कारण असं.

इंग्रजांनी थिबाला १८७९ च्या हत्यांसाठी रत्नागिरीला पाठवलं नव्हतं. युद्धाचं निमित्त होतं सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलातलं सागवान तोडून नेत होती. नेलेल्या ओंडक्यांचा पुरता हिशेब दिला नाही, असा आरोप ठेवून १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. शिवाय थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता, त्याची धास्ती होतीच. दंडाच्या वादातून निर्वाणीचा खलिता गेला, खलित्यातून फौज गेली, आणि १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानला जोडल्याचं जाहीर झालं. १८७९ च्या हत्या या सगळ्यात होत्या, पण जाहिरातीत. 'एवढा क्रूर राजा, त्याला हटवणं हे पुण्याचं काम' असं सांगायला त्या उपयोगी पडल्या. सहा वर्षं ज्या मेलेल्यांसाठी कुणी फौज पाठवली नाही, ते सागवानाच्या वेळी कामाला आले.

शिक्षा आणि त्रास यांत फरक आहे. शिक्षेला आरोप लागतो, आरोपीला बोलायची संधी लागते, आणि शेवटची तारीख लागते. थिबावर कधी खटलाच चालला नाही. दिल्लीच्या बहादूरशाह जफरवर १८५८ मध्ये निदान नावापुरता तरी चालला होता, आणि मग त्याला रंगूनला पाठवलं होतं. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची सजा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. तो तुरुंग किल्ल्याच्या आत होता, म्हणजे थिबाच्या जुन्या घराच्या आवारातच. १९१० च्या अखेरीस थिबा रत्नागिरीतल्या नव्या वाड्यात राहायला गेला, आणि त्याच हिवाळ्यात टिळक तिकडे 'गीतारहस्य' लिहीत होते.

ही अदलाबदल शाळेत कुणी सांगितली असती तर मला इतिहास जास्त आवडला असता. पण तिच्यातली खरी टोचणारी गोष्ट वेगळी आहे. टिळकांची खोली लहान होती, थिबाचा वाडा मोठा. पण टिळकांना माहीत होतं की सहा वर्षं. ते दिवस मोजू शकत होते, आणि १९१४ मध्ये सुटून पुण्याला आलेही. थिबाला मोजायला काहीच नव्हतं. कारण त्याला कशाचीच शिक्षा झाली नव्हती, त्यामुळे ती संपायचा प्रश्न नव्हता.

आणि कर्माचीच फळं म्हणायचं असेल, तर मुलींचं काय? थिबाला चार मुली. धाकट्या दोघी मंडाले सुटल्यावर जन्मल्या: तिसरी मद्रासमध्ये, १८८६ मध्ये, चौथी रत्नागिरीत, १८८७ मध्ये. १८७९ मध्ये त्या दोघी या जगातच नव्हत्या. चौथी मुलगी जन्मल्यापासून तिशी उलटेपर्यंत नजरकैदेत वाढली. जी फळं बियाणं पेरल्यानंतर आठ वर्षांनी जन्मलेल्या पोरीच्या ताटात पडतात, त्यांना न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणजे मग थिबा निर्दोष? नाही. आणि आपली खरी अडचण इथेच आहे. आपल्याला अन्याय दिसतो तो निर्दोष माणसावर झाला तरच. म्हणून आपण दोनपैकी एक करतो. माणूस वाईट असेल तर त्याच्यावरचा अन्याय पुसून टाकतो: बरंच झालं. किंवा अन्याय मोठा दिसला तर माणसाचे दोष पुसून टाकतो: बिचारा, किती सोसलं. पहिलं माझा मित्र करत होता, दुसरं मी. रोज फोनवर हेच तर चालतं. कुणाला पोलिसांनी मारल्याचा व्हिडिओ येतो आणि खालचा पहिला प्रश्न असतो, "पण त्याने केलं काय होतं?" जणू त्याचं उत्तर मिळालं की मारण्याचं बरोबर-चूक ठरेल. मारणाऱ्याचं बरोबर की चूक हे मारणाऱ्याच्या हातात कुठला अधिकार होता यावर ठरतं, मार खाणाऱ्याच्या चारित्र्यावर नाही.

दुसऱ्या बाजूची चूक दिसायला प्रेमळ आहे, म्हणून ती लक्षात येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली. रत्नागिरीत त्याच्या समाधीपाशी कार्यक्रम झाला आणि म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आंग लाइंग स्वतः आले, समाधीपुढे नतमस्तक झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्यांना घरदार सोडून बांगलादेशात पळावं लागलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी निवडून आलेलं सरकार उलथवून सत्ता हातात घेतली. घरातून हाकललेल्या राजासाठी मान झुकवणं आणि त्याच देशातल्या लोकांना घरातून हाकलणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला सहज जमतात. आपल्या राजावर अन्याय झाला, म्हणजे आपण अन्याय करणारे असूच शकत नाही. सोसलेलं दुःख म्हणजे सज्जनपणाचा दाखला, असं एकदा मानलं की तो दाखला पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळतो आणि हवा तिथे चालवता येतो.

मग 'बिचारा' शब्दाचं करायचं काय? मी शब्दकोश उघडला. शब्द फारसीतून आलेला. 'बे' म्हणजे शिवाय, 'चारा' म्हणजे उपाय. आपण म्हणतो ना, "आता दुसरा चारा नाही", तोच हा चारा. बिचारा म्हणजे ज्याला चारा नाही तो. बस्, एवढंच. यात तो भला आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. शब्द माणसाचं वर्णन करत नाही, त्याच्या परिस्थितीचं करतो.

हा अर्थ धरला तर आत्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. या वाड्याला खिडक्या भरपूर आहेत आणि चारा एकही नाही. आणि हाच अर्थ धरला तर १८७९ मधली ती माणसंही बिचारीच. तीही राजवाड्यातच होती. त्यांनाही बाहेरची वाट नव्हती. एकाला बिचारं म्हटल्याने दुसऱ्याचं बिचारेपण कमी होत नाही. शब्द दोघांना पुरतो. आपलं मन पुरत नाही, म्हणून आपण एक निवडतो.

आणि निवडताना आपण काय बघतो? मला वाटतं, आपण इमारत बघतो. थिबाच्या दुःखाला छप्पर आहे, खिडक्या आहेत, तिकीट आहे. मारल्या गेलेल्या भावंडांचं असं काही उरलं नाही. ज्या मंडालेच्या राजवाड्यात ते घडलं, तो लाकडी राजवाडा मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबहल्ल्यात जळून गेला. आज तिथे आहे ती १९९० नंतर उभारलेली नक्कल. राज्य केलं ते घर जळालं, कैद भोगली ते घर राहिलं. म्हणून आपल्याला राजा फक्त कैदीच आठवतो.

पण इमारत नसलेलं एक माणूस याच गावात होतं. थिबाच्या थोरल्या मुलीचं चाकरीतल्या गोपाळ सावंत यांच्याशी नातं जुळलं. सावंत आधीच लग्न झालेले होते. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. म्हणजे टूटू या राजवाड्याहून चार वर्षांनी मोठी. १९१९ मध्ये कुटुंबाला परत जायची परवानगी मिळाली आणि सगळे ब्रह्मदेशाला गेले. थोरली राजकन्या मात्र काही काळाने मुलीला घेऊन रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू इथेच वाढली, इथेच लग्न झालं, इथेच मराठी बोलत गरिबीत आयुष्य काढून २००० साली गेली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात आपल्यातली होऊन गेली आणि आपल्याला पत्ताही नव्हता. तिने कुणाला मारलं नव्हतं, तिच्यासाठी कुणी दंड लावला नव्हता, ती कुठल्या खलित्यात नव्हती. या गोष्टीत जर कुणी निखळ निर्दोष असेल तर ती. आणि निर्दोष माणसाचीच कीव करायची असं आपण ठरवलंच असेल, तर आपल्या स्टोरीवर तिचा फोटो असायला हवा होता. माझ्या स्टोरीवर खिडकी होती.

आपण या गोष्टीत नुसते बघे आहोत, असंही मला आता वाटत नाही. त्या कंपनीच्या नावात 'बॉम्बे' आहे. इरावतीतून वर चढलेल्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. ब्रह्मदेश लुटला इंग्रजांनी, पण त्या लुटीच्या नावेत आपली माणसंही होती: काही वल्ही मारत, काही हिशेब लिहीत. ती माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांना तेव्हा दुसरा चारा नसेल. पण त्यांच्यावर इंग्रजांनी अन्याय केला म्हणून त्यांनी कुणावर केलाच नाही, असंही नाही. थिबाला लावलेला नियम आपल्यालाही लावावा लागतो, नाहीतर तो नियमच नाही.

थिबा मेल्यावरही परत गेला नाही. घरच्यांना त्याचं शव मायदेशी न्यायचं होतं. सरकारला भीती की समाधी होईल, लोक जमतील. मग त्याची आणि त्याच्या आधी वारलेल्या धाकट्या राणीची समाधी रत्नागिरीतच झाली. पट्टराणी सुपायालात १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाच्या परिसरात आहे आणि बहादूरशाहाचा दर्गाही तिथून फार लांब नाही. आपला बादशहा त्यांच्याकडे, त्यांचा राजा आपल्याकडे, आणि दोघांना इथे-तिथे ठेवणारे केव्हाच आपल्या घरी निघून गेले.

परवा आत्याला फोन केला. तिला १८७९ ची गोष्ट सांगितली, पिशव्यांसकट. मला वाटलं होतं ती म्हणेल, मग बरं झालं मेल्याचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लहान पोरं पण?"

"हो."

"आणि त्यांची नावं?"

मी म्हटलं, "शोधून सांगते."

"सांग," ती म्हणाली. "पाहुणे आले की आता तीपण सांगत जाईन."